निळी सुतळी

१

त्या मंगळवारी सगळं नेहमीसारखं होतं, त्यामुळं अपूर्वानं त्यातलं काहीच जपून ठेवलं नाही. सांगलीत विश्रामबागेतल्या कॉलेजच्या ग्रंथालयात ती दिवसभर पुस्तकांच्या पाठीवर नवे क्रमांक चिकटवत होती. पावणेसहाला वडिलांचा फोन आला तेव्हा तिची बोटं डिंकानं बरबटली होती. तिनं फोन स्पीकरवर टाकून टेबलावर ठेवला आणि काम चालूच ठेवलं.

"अपू, जेवलीस का?"

"तात्या, पावणेसहा वाजलेत."

"मग च्या तरी?"

"झाला. बोला."

"उद्या आमदारबाई येत्यात शाळंत, नव्या खोल्यांच्या उद्घाटनाला. मॅडम म्हनाल्या, फ्लेक्स कुनीबी बांधंल, दारावरचं स्वागत मातर तात्यांच्या हातचं पायजे." आनंद लपवायचा प्रयत्न त्यांनी केला, पण तो लपला नाही. "आठ वर्सांनी कुनीतरी भिंत दिली बग मला. तू ये की उद्या."

"बघते."

"तुजं बगते म्हंजी न्हाई."

"बघते म्हणजे बघते, तात्या."

पलीकडून टकटक ऐकू आली. रंगाला हात घालायच्या आधी तात्या भिंत बोटांच्या पेरांनी वाजवून बघत. बाजारात बायका मडकं वाजवून घेतात तसं. "लय पोकळ बोलतीया गं ही," ते स्वतःशीच म्हणाल्यासारखं म्हणाले. "चवथ्या खोलीच्या अंगाला तर..."

मागं कुणाची तरी बुलेट धडधडत आली आणि थांबली.

"थांब, ह्यास्नी सांगून येतो. ठिवू?"

"ठेवा," अपूर्वा म्हणाली आणि बोटाचा डिंक पुसू लागली.

सव्वासातला पुन्हा फोन वाजला. नंबर तात्यांचाच होता. बोलणारा माणूस मात्र दुसरा होता.

२

उंब्रजला हायवे सोडला की उसाच्या फडांमधून चार किलोमीटर वर खडकमाळ लागतं. त्या पट्ट्यातल्या ट्रॉल्यांवरची नावं, डेअरीच्या दाराचे फलक, देवळाच्या कमानी, शाळेच्या भिंतीवरचे पाढे आणि नकाशे हे सगळं चाळीस वर्षं एकाच हातानं लिहिलेलं होतं. दिनकर हे त्या माणसाचं नाव मतदार यादीत होतं आणि आता मृत्यूच्या दाखल्यावर. बाकी सगळीकडं ते तात्या पेंटर.

गावानं सांगितलेली हकिगत सरळ होती. नव्या खोल्यांच्या दारावर स्वागताचा मजकूर लिहिताना तात्यांचा शिडीवरून पाय सुटला. शिपाई दादासोनं सातच्या सुमाराला त्यांना पाहिलं. उंब्रजच्या दवाखान्यात पोचेपर्यंत खेळ संपला होता. एकाहत्तरचं वय, हात कापायचे, आणि हौस दांडगी. लोक हे मायेनं बोलत, म्हणून ते जास्त लागे.

दुखवटा म्हणून आमदार राजनंदिनीताईंनी दौरा पुढं ढकलला. तेरावं उरकलं की दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला त्या येणार, फीत कापणार, आणि त्याच दिवसापासून मुलं नव्या खोल्यांत बसणार असं ठरलं.

तेराव्याच्या पंगती उठल्यावर अपूर्वा शाळेकडं निघाली. इतके दिवस ती त्या रस्त्यानं गेली नव्हती.

"आता कुटं गं उनाचं?" लीलाबाईनं, तिच्या आत्यानं, विचारलं.

"तात्यांचा बोर्ड बघून येते. त्यांनी बोलावलं होतं."

मैदानाकडं तोंड करून चार खोल्या एका ओळीत उभ्या होत्या. भिंती फिक्या पिवळ्या, खिडक्यांवरचे छज्जे गर्द हिरवे. मधोमध असलेल्या मोठ्या दारावरच्या लांब पट्टीवर लाल रंगात अर्धवट ओळ होती: 'मा. आमदार राजनंदिनीताई यां'. तिथंच ती तुटली होती. तात्यांचं शेवटचं काम म्हणून गावानं ते पुसू दिलं नव्हतं. वर झेंडूचा हार घातला होता आणि तो वाळून काळा पडला होता. खाली उद्यासाठी फ्लेक्स बांधायचं चाललं होतं.

अपूर्वा वर बघत राहिली. आधी तिला फक्त लाज वाटली, कारण अक्षरं वाईट होती. म्हाताऱ्या माणसाचा हात खरंच थकला होता आणि तिला ते माहीत नव्हतं. मग तिनं पुन्हा पाहिलं. ग्रंथालयात वीस वर्षं काढलेल्या बाईला अक्षर वाचायच्या आधी बघायची सवय असते.

लहानपणी ती तात्यांच्या शिडीखाली बसे. त्यांच्या कामाला एक क्रम होता आणि तो देवपूजेसारखा कधी चुकत नसे. सुतळीला नीळ चोळायची, भिंतीच्या दोन टोकांना दोन खिळ्यांत ती ताणायची आणि मधे धरून सोडायची. तण् असा आवाज होई आणि भिंतभर एक निळी रेघ उमटे. "आदी तुळई, मग तिला अक्षरं टांगायची," ते म्हणत. सगळी शिरोरेषा आधी, एका दमात. मग मधला शब्द लिहायचा आणि तिथून डावीउजवीकडं सरकायचं. "मधनं सुरू केलं की दोनी अंगाला न्याय व्हतो. कडंनं सुरू करनाऱ्याला शेवटाला जागा पुरत न्हाई."

ही ओळ डाव्या कडेला सुरू झाली होती. शब्द उजवीकडं सरकत बारीक होत गेले होते. प्रत्येक शब्दाच्या डोक्यावर वेगळी, नंतर ओढलेली रेघ होती. निळीचा कणसुद्धा कुठं नव्हता. त्याऐवजी अक्षरांच्या वर आणि खाली शिसपेन्सिलीच्या दोन फिकट रेघा होत्या, पट्टी धरून मारलेल्या.

हे तात्यांनी लिहिलेलं नव्हतं.

मग ते शिडीवर चढले होते कशाला?

३

दवाखान्यातून आलेली पिशवी माळ्यावर होती. आत्या म्हणाली, "नगं उगडूस बाय. उद्या नदीला सोडू." पण तिनंच ती काढून दिली आणि दाराकडं तोंड करून बसली.

वर चपला होत्या.

"आत्या, ह्या कुठं सापडल्या?"

"सापडत्यात कशाला? पायात व्हत्या की. दवाखान्यात मीच काडल्या. अंगठा सुजला व्हता, निगता निगंना."

अपूर्वा चपला हातात धरून बसून राहिली. तात्या चाळीस वर्षांत कधी चप्पल घालून शिडीवर चढले नव्हते. शिडीला हात लावून तो हात कपाळाला लावायचा, चपला शिडीच्या पायाशी जोडीनं ठेवायच्या, मग वर जायचं. "ही आपल्याला पोटाला घालती," ते सांगत.

सदऱ्याच्या खिशात सुतळी होती. गुंडाळी घट्ट, वरून गाठ मारलेली. ताजी नीळ चोळलेली होती आणि खिसा आतून निळा झाला होता, पण गाठ सुटलीच नव्हती. काम सुरूच झालं नव्हतं.

कॉलरच्या घडीत काहीतरी टोचलं. सिमेंटचा नखाएवढा तुकडा होता. तिनं तो उलटा केला. एका बाजूला रंग होता, हिरवा.

शेवटी तिनं सदरा नाकाशी नेला. टर्पेंटाइनचा वास अजून होता. त्या वासाबरोबर पाचगणी आली.

ती सातवीत होती. शिष्यवृत्तीवर तिथल्या वसतिगृहाच्या शाळेत होती. आजूबाजूला मोटारींतून उतरणाऱ्या पोरी. एका रविवारी तात्या फाटकाशी उभे होते, हातात लाडवांचा डबा, नखांत लाल रंग. शेजारच्या मुलीनं विचारलं, "हे कोण?" आणि अपूर्वा म्हणाली, "आमच्या गावचा पेंटर आहे. बाबांनी पाठवलाय."

तात्या तीन पावलांवर होते. ते पुढं आले, मान लववली आणि म्हणाले, "बाईसाब, तुमच्या वडलांनी डबा दिलाय." डबा देऊन ते उताराच्या रस्त्यानं चालत गेले. पुढं त्यांनी तो विषय कधीच काढला नाही. तिनंही नाही. तेहतीस वर्षं.

तिनं सदऱ्याची घडी घातली. तो हिरवा तुकडा मात्र कागदात बांधून पर्समध्ये ठेवला. शाळेच्या इमारतीत हिरवी एकच गोष्ट होती. आणि तात्या फोनवर म्हणाले होते, चवथ्या खोलीच्या अंगाला तर.

चौथ्या खोलीचा छज्जा तर जागेवर होता. तिनं तासाभरापूर्वी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला होता.

४

ती परत गेली तेव्हा मैदानावर लेझीम चालू होतं. चार वाजले होते. चौथ्या खोलीच्या खिडकीखाली उभं राहून तिनं वर पाहिलं. बाकीच्या तीन छज्ज्यांवर महिन्याभराची धूळ बसली होती. चौथा लखलखीत होता आणि भिंतीला मिळतो तिथं सिमेंटचा रंग वेगळा होता.

"ताई, उन्हात कशाला उभ्या?" मागं बुलेट धडधडत येऊन थांबली. हाच आवाज अपूर्वानं त्या मंगळवारी फोनवर ऐकला होता. खोल्या बांधणारा ठेकेदार वीरधवल उतरला. पांढरे कपडे, कपाळाला टिळा.

"हा छज्जा नवा दिसतो," ती म्हणाली.

"रंगाचा हात मारला पुन्यांदा. आमदार येनार, जरा चमकाय नको?" तो हसला. "ताई, मी काय म्हनतो, शाळेच्या वाचनालयाला तात्यांचं नाव दिऊ. उद्या आमदारताईंच्या तोंडनंच जाहीर करू. कसं?"

"त्या संध्याकाळी तुम्ही इथं होता?"

"कराडला हुतो की. मंडपवाल्याकडं. हितं असतो तर धावलो नसतो का?" मग आवाज उतरवून तो म्हणाला, "मानूस गेलं, ताई. आता उकरून हाताला मातीच लागती."

मुख्याध्यापिका क्षमा मॅडम दुसरीच्या वर्गात फळा सजवत होत्या. पन्नाशीची, सडपातळ, आवाज कधी न चढवणारी बाई. पट कमी म्हणून ही शाळा बंद करायचं चाललं होतं, ते तीन वर्षं कागद नाचवून त्यांनी थांबवलं होतं. चार खोल्याही त्यांच्याच पाठपुराव्यानं आल्या होत्या.

"मी साडेपाचलाच घरी गेले होते," त्या फळ्याकडं तोंड करूनच म्हणाल्या. "सातला दादासोचा फोन आला. फार चांगला माणूस गेला."

बोलता बोलता त्यांनी लाकडी पट्टी फळ्याला लावली, एक रेघ वर मारली, एक खाली. मग डाव्या कडेपासून लिहायला लागल्या. एक शब्द झाला की त्याच्या डोक्यावर रेघ, मग दुसरा. पहिलीच्या मुलांना वळण शिकवताना शिकवतात तसं, तीस वर्षांच्या सवयीनं.

अपूर्वा फळ्याच्या जवळ गेली.

"काही हवं होतं?" मॅडमनी वळून विचारलं.

"नाही. तुमच्या दोन रेघा बघत होते."

मॅडमच्या हातातला खडू मोडला.

दादासो शिपाई मागच्या नळावर सतरंज्या धूत होता. तात्यांचा जुना सोबती, रोज संध्याकाळी दोघं एकाच बिडीवर बसायचे. तो अपूर्वाकडं बघेना.

"काका, तुम्हाला तात्या कुठं दिसले?"

"शिडीखाली. पालथं."

"चपला?"

"काडल्याल्या. शिडीपाशी, जोडीनं. त्येंची रीत तुला ठावं न्हाई व्हय?"

"रीत ठाऊक आहे, काका. पण चपला आत्यानं दवाखान्यात त्यांच्या पायातून काढल्या."

सतरंजीतून पाणी निथळत राहिलं. दादासोनं ती पिळायला घेतली आणि पिळतच बसला.

"अपूताई, उद्याचं उरकू दे," तो म्हणाला. "दोन वर्सं ऱ्हायली माज्या नोकरीची. धाकटीचं लगीन हाय."

"उद्यापासून चौथीची पोरं त्या खोलीत बसणार आहेत. पाऊस आला की खिडकीखाली उभी राहणार."

त्यानं नळ बंद केला. ती वळून चालू लागली तेव्हा मागून आवाज आला, फुटलेला.

"त्ये बोललं व्हतं गं. पर मला काय समजलंच न्हाई."

ती वळेपर्यंत तो बादली तिथंच टाकून कुंपणापलीकडं गेला होता.

५

शाळा समितीचे अध्यक्ष लालासाहेब फौजेतून सुभेदार होऊन आले होते. वीरधवल त्यांचा पुतण्या. दिवे लागायच्या वेळी अपूर्वा त्यांच्या ओट्यावर गेली. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि काठी जमिनीवर टेकवली.

"पोरी, मानूस गेलं की डोस्क्यात लय इचार येत्यात. म्हातारं पडलं. त्यात आनि काय?"

"सुभेदार, तुमचा नातू कितवीत आहे?"

"चवथीत."

"मग उद्या नऊ वाजता चौथ्या खोलीपुढं या. मी चुकीची निघाले तर सगळ्यांदेखत माफी मागेन."

सकाळी नऊला मैदानावर रांगोळी चालू होती. बंदोबस्ताला आलेले फौजदार खुर्ची टाकून चहा घेत होते. अपूर्वानं त्यांनाही हात जोडून बोलावलं. क्षमा मॅडम, वीरधवल, लालासाहेब, सगळे चौथ्या खोलीपुढं उभे राहिले. दादासो लांब, घंटेच्या खांबाला टेकून.

तिनं आवाज चढवला नाही. सुतळी दाखवली. तिची न सुटलेली गाठ दाखवली. वरच्या ओळीकडं बोट केलं आणि तिथं निळी रेघ का नाही ते सांगितलं. "तात्यांनी लिहायला सुरुवातच केली नव्हती. शिडीवर ते चढलेच नाहीत, कारण चपला पायात होत्या. आणि हे त्यांच्या कॉलरमध्ये होतं." हिरवा तुकडा तिनं फौजदारांच्या तळहातावर ठेवला. "ते मेले तेव्हा त्यांच्या अंगावर छज्जा पडला होता. हाच. तेरा दिवसांत तो पुन्हा बांधलाय."

"कुनीतरी आवरा रं हिला," वीरधवल म्हणाला. "एक तुकडा कुटंबी घावतो. आनि मी कराडला हुतो ह्ये धा मानसं सांगतील."

"पावणेसहाला तात्या माझ्याशी बोलत होते. तेव्हा एक बुलेट आली. 'ह्यास्नी सांगून येतो' म्हणाले आणि फोन ठेवला. गावात बुलेट किती आहेत?"

"एकच," लालासाहेब हळू म्हणाले.

"राहिली वरची ओळ. पेन्सिलीच्या दोन रेघा मारून, कडेपासून, शब्द संपला की डोक्यावर रेघ. तात्या शिडीवरून पडले असं दिसायला भिंतीवर थोडं तरी लिहिलेलं हवं होतं. ज्यानं लिहिलं त्यानं तात्यांचा हात गिरवायचा प्रयत्न केला. पण आपण कसं लिहितो ते माणसाला स्वतःला दिसत नाही." ती थांबली. "काल दुसरीच्या फळ्यावर मी तेच बघितलं, मॅडम."

क्षमा मॅडमनी पदर तोंडाशी नेला.

"त्यांनीच मला बाहेर बोलावलं," त्या म्हणाल्या. "म्हणाले, मॅडम, ऐका, पोकळ बोलतंय. हे वीरधवलही आले. तात्यांनी छज्ज्याखाली उभं राहून काठीनं दोनदा वाजवलं आणि..." त्यांनी छज्ज्याकडं बोट केलं. "हे म्हणाले, गेला. आता ओरडलात तर खोल्यांना सील लागेल, आमदार परत जातील, शाळा बंद. मेलेला माणूस काही परत येत नाही. मी... मी शिडीवर चढले. दादासोनं आणि ह्यांनी त्यांना पुढं आणलं. ते गेलेलेच होते, अपूर्वा. मुलांची शपथ."

"न्हाई, मॅडम."

दादासो खांब सोडून पुढं आला होता.

"जित्तं व्हतं. तुमी पाठमोऱ्या, वर लिवत व्हता. ह्ये मागं ढिगारा उचलत व्हते. म्या तोंडात पानी घातलं, त्येंनी गिळलं. डोळं उगडून वर बगितलं, तुमच्या अक्षरांकडं. आनि म्हनाले, 'मधनं... मधनं सुरू कर.' दोनदा म्हनाले. मला वाटलं भरमलेत. म्या वीरधवलला म्हनालो, गाडी बोलव. तर ह्यो म्हनला, आदी ढिगारा जाऊ दे." दादासोनं स्वतःच्या थोबाडीत मारून घेतली. "तासाच्या वर गेला, अपूताई. तासाच्या वर."

मॅडमनी वर, स्वतःच्या अक्षरांकडं पाहिलं.

तिथं जमलेल्यांत त्या शब्दांचा अर्थ तिला एकटीला कळला होता. आयुष्यभर नीट लिहीत आलेला माणूस, छाती चेपलेली, जमिनीवर पडून वरचं चुकलेलं काम बघत होता आणि लिहिणाऱ्याला जागा पुरणार नाही म्हणून सांगत होता.

"समदी खोटी हायती," वीरधवल ओरडला. "छज्जा पक्का हाय माझा!"

लालासाहेबांनी हातातली काठी बाजूला टाकली. मंडपाच्या खड्ड्याजवळची पहार उचलली. पोरांना त्यांनी लांब घालवलं, स्वतः खिडकीच्या बाजूला सरले आणि वरच्या कडेला एक घाव घातला. दुसरा घालावा लागला नाही. अख्खा हिरवा छज्जा पापडासारखा खाली आला. आत एकही सळई नव्हती. होत्या त्या विटांचे तुकडे आणि सिमेंटच्या रिकाम्या गोण्या, कोंबलेल्या.

धूळ खाली बसली.

"नातवाला हितं बशीवनार हुतो मी," लालासाहेब म्हणाले. पुतण्याकडं न बघताच त्यांनी हात पुढं केला. "गाडीची चावी टाक. फौजदारसाहेब, ह्याला घ्या. कुनाचा हाय ते बगू नगा."

६

अकराच्या ठोक्याला गाड्यांचा ताफा फाटकातून आत आला. कुणाला तो थांबवायचं सुचलं नव्हतं. हलगी वाजायला लागली आणि मधेच बंद पडली. आमदार राजनंदिनीताई उतरल्या. हाराचं ताट घेऊन कुणी पुढं येईना. समोर फीत होती, फितीमागं फुटलेल्या छज्ज्याचा ढीग होता, आणि पोलिसांच्या जीपमध्ये ठेकेदार आणि मुख्याध्यापिका शेजारी शेजारी बसलेले होते.

लालासाहेबांनी त्यांना बाजूला घेऊन सगळं सांगितलं. त्या ऐकत होत्या तेव्हा त्यांचा हात आपोआप डोक्यावरच्या पदराकडं गेला. मग त्या ढिगापाशी गेल्या आणि पायाशी पडलेली एक गोणी त्यांनी स्वतः उचलून बघितली.

"चारही खोल्या तपासल्याशिवाय एक पोर आत जाणार नाही," त्या म्हणाल्या. फीत त्यांनी सोडून गुंडाळली आणि मदतनिसाच्या हातात दिली. मग वर पाहिलं. दारावरच्या अर्धवट ओळीत त्यांचंच नाव होतं, कडेला चेपलेलं.

अपूर्वा शिडी लावत होती. तिनं चपला काढल्या, जोडीनं ठेवल्या, शिडीला हात लावून कपाळाला लावला आणि वर चढून तो काळा हार काढला. बोटांवर झेंडूचा भुगा आला. मग ओल्या फडक्यानं त्या लाल अक्षरांवर घासू लागली. रंग वाळून घट्ट झाला होता, निघत नव्हता. ती घासत राहिली.

मैदानावर शाळेची चाळीस पोरं मांडी घालून बसली होती. मागं आईबाप, त्यामागं सगळं खडकमाळ.

"ताई," आमदारबाईंनी खालून विचारलं, "ज्यांनी ह्या पोरांना वाचवलं ते पेंटर... ते कोण?"

हे कोण? तोच प्रश्न. अपूर्वाचा हात भिंतीवर थांबला. पाचगणीच्या फाटकापासून उताराच्या रस्त्यानं चालत गेलेली पाठ तिला दिसली, एकदाही न वळलेली.

"माझे वडील," ती म्हणाली.

आवाज लहान निघाला. शिडीच्या पायाशी उभ्या दादासोलासुद्धा तो नीट गेला नसेल. तिनं फडकं खाली टाकलं, मैदानाकडं वळली आणि शेवटच्या रांगेतल्या माणसालाही ऐकू जाईल अशा आवाजात पुन्हा म्हणाली,

"तात्या पेंटर. माझे वडील होते ते. माझे वडील."